खांबावर कोरलेलें नांव

१८ ऑगस्ट १५९० रोजीं जॉन व्हाइट रोआनोक बेटावर पुन्हा उतरला. उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतचें हें लहानसें बेट. तीन वर्षांपूर्वीं सर वॉल्टर रॅले यानें पाठविलेल्या सुमारें ११५ स्त्रीपुरुषांची व मुलांची वसाहत येथें वसली होती व व्हाइट तिचा गव्हर्नर होता. त्याची नात व्हर्जिनिया डेअर येथेंच जन्मली. त्या दिवशीं तिला बरोबर तीन वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं.

वसाहतीस अन्नाची चणचण होती आणि शेजाऱ्यांचें वैरही होतें. तें वैर अकारण नव्हतें. १५८६ सालीं राल्फ लेनच्या शिपायांनीं तेथील राजा विंगिना यास ठार मारिलें होतें. त्याचें फळ या निरपराध कुटुंबांच्या पदरीं आलें. मदत आणावयास व्हाइट निघाला, तेव्हां नात अवघी नऊ दिवसांची होती. पण १५८८ सालीं स्पेनचें आरमार इंग्लंडवर चालून आलें, जहाजें अडकून पडलीं, आणि परतण्यास तीन वर्षें लागलीं.

आतां पाहतो तों घरें उतरवून नेलेलीं, पुरून ठेवलेल्या पेट्या उकरलेल्या, पुस्तकें फाटलेलीं, चिलखत गंजानें खाल्लेलें. कुंपणाच्या एका खांबाची साल काढून त्यावर ‘क्रोअटोअन’ असें कोरलेलें होतें. एका झाडावर नुसतें ‘क्रो’. संकट ओढवल्यास नांवावर क्रूस कोरावा, असा संकेत होता. क्रूस कोठेंच नव्हता! क्रोअटोअन म्हणजे दक्षिणेकडील बेट. इंग्रजांचा स्नेही मँटिओ तेथलाच. व्हाइटाच्या जिवांत जीव आला. पण वादळानें नांगर गेले, आणि जहाज इंग्लंडास वळलें. व्हाइट पुन्हा तेथें पोंचला नाहीं.

यास लोक गूढ म्हणतात, आणि कादंबरीकारांनीं त्यांत हवे ते रंग भरले. परंतु जीं माणसें आपला पत्ता कोरून गेलीं, तीं हरवलीं कीं त्यांना कोणी शोधलेंच नाहीं? पन्नास मैल आंत जाण्याचाही त्यांचा विचार होता. २०१२ सालीं ब्रिटिश म्युझियममधील व्हाइटच्याच नकाशावर चिकटविलेल्या एका तुकड्याखालीं, मुलुखाच्या आंतल्या बाजूस, किल्ल्याची खूण आढळली. त्या भागांत इंग्रजी खापरें निघालीं आहेत. आणि जॉन लॉसननें १७०९ सालीं नमूद करून ठेविलें आहे, कीं हॅटरस येथील इंडियन आपले कांहीं पूर्वज गोरे होते व ते पुस्तक वाचीत, असें सांगत. त्यांच्यांत कित्येकांचे डोळे करडे होते.