एका वाक्याचा २५ वर्षांचा प्रवास

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्डने रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्यातलं 'लाइटनिंग बोल्ट' हे अगदी साधं पान. एक लाल माना खर्च करा, ३ डॅमेज द्या. कोणाला? पहिल्या छपाईत लिहिलं होतं, कुठल्याही एका लक्ष्याला. पुढच्या आवृत्त्यांत ते नेमकं केलं गेलं: क्रीचर किंवा खेळाडू.

मग ऑक्टोबर २००७ मध्ये 'लॉरविन' संच आला आणि त्यात प्लेन्सवॉकर हा नवाच प्रकार. हा धड क्रीचरही नाही आणि खेळाडूही नाही. त्याला लॉयल्टीचे आकडे असतात, डॅमेज बसलं की ते कमी होतात, शून्य झालं की पान बाद. आता लोकांच्या घरात पडून असलेल्या बोल्टचं काय करायचं? छापलेल्या कागदाला पॅच थोडाच देता येतो!

मग नियमपुस्तकातच एक जुगाड झालं. नेम खेळाडूवर धरायचा आणि डॅमेज देताना ते त्याच्या प्लेन्सवॉकरकडे वळवायचं. आपल्या भाषेत, बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. जुनी पानं वाचली खरी, पण गुंते वाढले. समोरच्या खेळाडूला 'हेक्सप्रूफ' मिळालं, म्हणजे त्याच्यावर नेम धरायला बंदी आली, की बोल्टपासून त्याचा प्लेन्सवॉकरही वाचायचा. पानावर यातलं अक्षरही नाही. नवख्याने हे वाचायचं तरी कुठे?

शेवटी एप्रिल २०१८ मध्ये 'डॉमिनेरिया'च्या वेळी हा नियमच काढून टाकला. 'ओरॅकल' या अधिकृत मजकुरात जुन्या पानांचे शब्द बदलले. बोल्ट आता पुन्हा कुठल्याही लक्ष्याला लागतो. फिरून तिथेच!

पण यात एक फरक आहे. आता 'कुठलंही लक्ष्य' म्हणजे काय, याची व्याख्या नियमपुस्तकात एकाच जागी आहे. २०२३ साली 'बॅटल' हा आणखी एक प्रकार आला, तेव्हा त्या व्याख्येत एक शब्द वाढवला आणि बोल्टला हातही लावावा लागला नाही.

याची किंमत जुन्या पत्तेवाल्यांनी मोजली. त्यांच्या हातातला कागद एक सांगतो, नियम दुसरंच. पण ते मुरलेले खेळाडू, त्यांना हे माहीत असतं. नवख्याला मात्र पानावर लिहिलंय तेच खरं मानता येतं. ओझं टाकायचंच असेल, तर ते पेलणाऱ्याच्या खांद्यावर टाकलेलं बरं.