'मो' म्हणजे मस्ट की मे?

काही वर्षांपूर्वी आमच्या टीममधला एक नवा पोरगा अप्रेझलच्या तोंडावर चांगलाच अडकला होता. काम डेन्मार्कच्या एका क्लायंटचं. स्पेसिफिकेशनमध्ये इंग्रजीत स्वच्छ 'मस्ट' लिहिलं होतं : मुदत संपलेल्या नोंदी काढून टाकायच्या. पोराने इमानेइतबारे रात्री चालणारा जॉब लिहिला. तिसऱ्या दिवशी तिकडून फोन, आमच्या जुन्या नोंदी गेल्या कुठे? बॅकअप होता म्हणून वाचलो. पण चूक कोणाची, हे काही बॅकअपमधून निघत नाही. पोराच्या नावावर एक वाईट ओळ पडणार हे दिसत होतं.

मग कळलं की मूळ टिपण डॅनिशमध्ये होतं आणि तिथे शब्द होता 'मो'. तो वीकांत मी शब्दकोश उघडून घालवला. (डॅनिश उच्चार देवनागरीत धड बसत नाहीत, तेव्हा अंदाजे लिहितोय. जाणकारांनी माफ करावं.)

तर हा 'मो' इंग्रजीतल्या 'मे'चा सख्खा भाऊ. पण तो परवानगीही देतो आणि सक्तीही करतो! "दु मो गो" म्हणजे "तू गेलास तरी चालेल" किंवा "तुला गेलंच पाहिजे", संदर्भ बघून ठरवायचं. नकार लावला की मात्र सरळ बंदी. डॅनिश लोकांचं काही अडत नाही. परवानगी द्यायची असेल तर ते मध्ये 'गेअर्ने', म्हणजे आपलं 'खुशाल', घालतात. टिपणात तो शब्द गाळला होता. आमच्या धंद्यात मस्ट, शुड आणि मे यांचे अर्थ ठरवून द्यायला १९९७ साली आरएफसी २११९ नावाचा अख्खा दस्तऐवज काढावा लागला, आणि इथे एका अक्षराने दोन टोकं धरलेली. इंग्रजीने तरी हसू नये म्हणा. त्यांचा 'मस्ट' ज्या जुन्या क्रियापदातून आला, त्याचा जुन्या इंग्रजीतला मुख्य अर्थ परवानगी हाच होता.

'शुड'ची गंमत याहून मोठी. त्याचा डॅनिश भाऊबंद 'स्कुले', वर्तमानकाळात 'स्काल'. सारखे दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवाल तर फसाल. 'शुड'मधला सल्ला डॅनिशमध्ये 'ब्यर' किंवा 'बुर्दे'ने सांगतात. 'स्काल' हा हुकूम. वर तोच 'स्काल' ऐकीव गोष्टीलाही चालतो, आपण "तो म्हणे फार श्रीमंत आहे" म्हणतो ना, तसा.

पण दोघांचं मूळ एकच आणि ते हिशेबाच्या वहीत सापडतं. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता 'देणं असणे'. 'ऑट' हे तर 'ओ' या क्रियापदाचं, म्हणजे पुन्हा देणं असण्याचंच, जुनं भूतकाळी रूप. जुन्या इंग्रजीत अपराधाला त्याच घरातला शब्द होता. तो पुढे लोपला. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि त्यांच्यामागून फ्रेंचमधले डेट, क्राइम, ऑफेन्स, ट्रेसपास इंग्रजीत शिरले. कर्ज एका घरी गेलं, गुन्हा दुसऱ्या घरी, आणि 'शुड' एकटाच मागे राहिला.

डॅनिशमध्ये हे कुटुंब फुटलं नाही. 'स्क्युल' म्हणजे अपराध, दोष. जुन्या भाषेत कर्जही. 'स्क्युले' म्हणजे देणं लागणे. 'स्क्युल्दी' म्हणजे दोषी, आणि देणेकरीसुद्धा. सॉरी म्हणायला 'ऊनस्क्युल', म्हणजे दोषातून मोकळं करा. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा कशाची मागायची, यावर इंग्रजीत दोन पाठ पडले : १६११ च्या बायबलात कर्जांची, तर चर्चच्या प्रार्थनापुस्तकात आगळिकांची. डॅनिशमध्ये एका 'स्क्युल'मध्ये दोन्ही मावतं.

इथे मला एकदम आपला 'लागणे' आठवला. वाण्याचे दोनशे रुपये देणं लागतो. ऑफिसला जावं लागतं. खोटं बोललं की पाप लागतं. कर्ज, सक्ती, अपराध, तिन्ही एकाच क्रियापदावर! इंग्रजीतून डॅनिशमध्ये जाताना जो सांधा निखळतो, तो मराठी माणसाला जाग्यावर दिसतो असं आपलं मला वाटतं.

आता 'रॉंग'. हा शब्द इंग्रजांनी उसना घेतला तो डेन्मार्ककडच्याच लोकांकडून. नवव्या शतकापासून ते पूर्व आणि उत्तर इंग्लंडात वसले, १०१६ मध्ये त्यांचा कनूट इंग्लंडचा राजाही झाला. 'लॉ' आणि 'आउटलॉ' हेही त्यांचेच. 'रॉंग'चा मूळ अर्थ वाकडा, पिळलेला. मग हा शब्द परत मायदेशी नेला तर? जमत नाही! डॅनिशमधला 'व्रांग' आज मुख्यतः कपड्याची उलटी बाजू सांगतो, आणि विणकामात 'रेत' आणि 'व्रांग' म्हणजे चक्क आपले सुलट आणि उलट टाके. (आमची आई हिवाळ्यात हेच पुटपुटत बसायची.) एखाद्याला 'रॉंग' करणं डॅनिशमध्ये सांगायचं तर त्याच्यावर 'उरेत' केला म्हणतात. 'रेत' म्हणजे न्याय, हक्क. 'उ' म्हणजे आपला 'अ'. उरेत म्हणजे हुबेहूब अन्याय. डॅनिश कोर्टात गुन्ह्याची झळ पोचलेल्या माणसाला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थही 'अन्याय झालेला' असाच. इंग्रजीला वळसा घालून डॅनिशमधून थेट मराठीत आलं तर निम्मं काम आयतंच झालेलं असतं.

असो. सोमवारच्या कॉलवर मी 'मो'चा विषय काढला. पलीकडच्या बाई, चांगल्या वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवी, क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ते मी भाषांतरात 'मे' लिहायला हवं होतं, आणि त्यानंतर डॅनिशमध्येच "ऊनस्क्युल". मी मॅनेजरला म्हटलं, हे मेलवर लेखी मागून घ्या. बाईंनी तासाभरात मेल पाठवला, पोराचं नाव घालून. अप्रेझलमधली ती ओळ निघाली. पुढच्या स्पेसिफिकेशनपासून प्रत्येक मस्ट-मेच्या शेजारी मूळ डॅनिश शब्द लिहायचा एक कॉलम आला. तो भरायचं काम, अर्थातच, माझ्याकडे लागलं.