कोर्टाचे नियम कोण लिहितो?

कायदा कोण करतो हे आपल्या पोरांना पाठ आहे. विधानसभा, लोकसभा. त्यासाठी आपण मोर्चे काढतो, मतं मागतो, राखीव जागांसाठी भांडतो. पण कायदा झाल्यावर तो कोर्टात चालायचा कसा? अर्ज कुठल्या नमुन्यात, किती दिवसांत, किती स्टॅम्पवर, कुणाच्या तोंडून? हे कोण ठरवतं, हा सवाल आपण विचारत नाही. हक्क पुस्तकात असतो. तो हातात येतो या नियमांच्या दारातून. तेव्हा दारावर कोण बसलंय ते बघायलाच पाहिजे.

महाडचंच घ्या. चवदार तळं नगरपालिकेचं. 1924 ला नगरपालिकेने ठराव करून ते सगळ्यांना खुलं केलेलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब त्या तळ्याचं पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याच्या तोंडावर, 12 डिसेंबरला सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा ठोकला आणि 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा कुणावर? बाबासाहेब, शिवतरकर मास्तर आणि आणखी मोजक्या माणसांवर. पण बांधले गेले सगळेच अस्पृश्य. कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या ऑर्डरचा आठवा नियम सांगतो की एकाच हितसंबंधाचे पुष्कळ लोक असतील तर कोर्टाच्या परवानगीने थोड्यांवर दावा लावून सगळ्यांना त्यात ओढता येतं. तळ्यावर येणाऱ्या हजारोंना कुणी विचारलं नव्हतं की तुमच्या वतीने कोण बोलेल. समोरच्या पक्षानेच ते ठरवलं. 25 डिसेंबरला महाडात लोक जमले, मनुस्मृती जाळली, पण तळ्याचा सत्याग्रह त्या हुकुमापायी थांबवावा लागला. हायकोर्टाने शेवटचा निकाल आपल्या बाजूने दिला तो 17 मार्च 1937 ला. पाण्याच्या घोटासाठी नऊ वर्षं आणि वर तीन महिने.

नियमात जात लिहिलेली नव्हती. तोच नियम आपल्यालाही वापरता येतो. पण तो आधी वापरला त्यांनी, कारण नियमांची किल्ली कुठे टांगलेली असते हे त्यांना ठाऊक होतं.

आता ही किल्ली घडवतं कोण ते बघू. ही संहिता 1908 ची, इंग्रजांनी केलेली. तिच्या पहिल्या परिशिष्टात ऑर्डरी आणि नियम आहेत, ते हायकोर्टाला बदलता येतात. त्यासाठी कलम 123 खाली नियम समिती नेमतात. समितीत कोण? हायकोर्टाचे तीन न्यायाधीश, दोन वकील आणि खालच्या दिवाणी कोर्टाचा एक न्यायाधीश. झाले सहा. नेमणूक हायकोर्टानेच करायची. इंग्रज गेला, संविधान आलं, पण सातवी खुर्ची मांडली गेली नाही. ज्याच्यावर समन्स बजावलं जातं, ज्याच्या खोपटाला बेलीफ चिठ्ठी डकवतो, त्याचा माणूस या यादीत नाही.

माणूस नसला की काय होतं? संहितेत गरीब दावेदाराला कोर्ट फीची सवलत आहे. 1908 च्या मजकुरात त्याला ‘पॉपर’ म्हणत. फी ठरलेली नसेल तिथे त्याच्याकडे शंभर रुपयांची मालमत्ता नसावी, आणि त्या हिशेबातून सूट कशाला? दाव्यातल्या वस्तूला आणि अंगावरच्या गरजेच्या कपड्यांना. माणसाने कोर्टात येऊन आपलं नागवेपण मोजून दाखवायचं. तो शब्द बदलायला आणि शंभराचे हजार व्हायला 1976 ची दुरुस्ती यावी लागली. तीही समितीने नाही, संसदेने केली.

आता आपल्या म्हसावदकडे या. शहादा तालुका, सातपुड्याचा पायथा. भिल्ल, पावरा माणसाची जमीन कर्जाच्या कागदावर दुसऱ्याच्या नावे गेली आणि तो आपल्याच वावरात सालदार झाला. 1971 ला पाटीलवाडीची घटना घडली. अंबरसिंग महाराजांनी माणसं जागी केली, 1972 ला श्रमिक संघटना उभी राहिली. त्याच काळात, 1974 ला, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा विधिमंडळाने केला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन कलेक्टरने परत द्यायची. अर्ज आला तर अर्जावर, नाही आला तर आपण होऊन.

या कायद्याचं कलम 9-अ आपल्या पोरांनी मुद्दाम वाचावं. या प्रकरणात कुणाच्याही वतीने वकील उभा राहणार नाही! पैसेवाल्यांना ते झोंबलं. ते थेट सुप्रीम कोर्टात गेले. लिंगप्पा अप्पेलवार खटल्यात 1984 च्या डिसेंबरात कोर्टाने कायदाही उचलून धरला आणि वकीलबंदीही.

म्हणजे काम चालवायचा नियम गरिबाच्या बाजूने लिहिता येतो. तो त्या सहा खुर्च्यांतून आला नाही. माणसं रस्त्यावर होती त्या काळात, विधिमंडळातून आला. मात्र वकील हटला म्हणून भीती हटत नाही. समोरचा शिकलेला असतो, कागद त्याच्याशी बोलतो. आदिवासी माणसाला तारीखच समजली नाही तर वकीलबंदी काय कामाची? नियम लिहिताना भिल्ल बाई, पावरा म्हातारा शेजारी बसला असता, तर त्याने पहिल्यांदा हेच विचारलं असतं.

काही जण म्हणतील, अडाण्याला प्रक्रियेतलं काय कळतं? ही भाषा जुनी आहे. हेच वेदाबद्दल सांगितलं होतं, हेच मताच्या हक्काबद्दल. नियमाचा मसुदा जज-वकिलांनी लिहावा, त्यांचा हात त्यात बसलेला आहे. पण नियम कुठे रुततो हे ज्याच्या पायाला टोचतं त्यालाच कळतं. खुद्द इंग्लंडात 1997 च्या कायद्याने दिवाणी नियम समितीत लोकांना सल्ला देण्याचं काम केलेल्यांना, ग्राहकांचे प्रश्न जाणणाऱ्यांना जागा ठेवली. ज्यांची संहिता आपण वाहतो आहोत, ते पुढे गेले. आपल्याकडेही 1987 च्या कायद्याखाली लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायाधीश नसलेला माणूस बसू शकतो. तडजोडीला चालतो, मग नियमाला का नाही?

तेव्हा मित्रांनो, कामं दोन. एक, कलम 122 प्रमाणे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकत घेता येते. राजपत्र म्हसावदच्या पारावर कोणी वाचत नाही, म्हणून प्रत्येक तालुक्यात आपल्या एकाने ते वाचायचं, बाकीच्यांना समजावायचं आणि हरकत लिहून पाठवायची. मराठीत, आपल्या शब्दांत. दोन, कलम 123 बदला ही मागणी आपल्या ठरावांत घ्या. समितीत पक्षकारांची माणसं हवीत, त्यांत दलित, आदिवासी आणि बाया हव्यात, आणि त्या जागा उघड अर्ज मागवून भराव्यात.

महाडला आपल्या वतीने कोण, हे दुसऱ्याने ठरवलं. इथून पुढे ते आपण ठरवायचं.