घरातील सशाचे पिल्लू : पहिले सहा महिने

मुलांचा वाढदिवस असो वा वार्षिक परीक्षा संपल्याचा आनंद, शहरातील अनेक घरांत अशा निमित्ताने सशाचे पिल्लू येते. ते भुंकत नाही, शेजाऱ्यांची तक्रार ओढवत नाही, त्याला फिरायला न्यावे लागत नाही आणि कुत्र्याच्या पिल्लापेक्षा ते पुष्कळ स्वस्त मिळते. त्यामुळे ससा पाळणे सोपे, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात सशाचे पिल्लू हा सांभाळण्यास अतिशय नाजूक जीव आहे. चुकीचा आहार, जुलाब, उष्मा किंवा नुसती भीती यांपैकी कोणतेही एक कारण त्याचा जीव घेण्यास पुरेसे ठरते. मग ‘ससे घरात जगतच नाहीत’ असे म्हणून विषय संपविला जातो. नीट सांभाळलेला पाळीव ससा साधारण ८ ते १२ वर्षे जगतो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

पाळीव ससा हा मूळच्या युरोपीय रानसशाचा वंशज. आपल्याकडे माळरानावर आढळणारा काळ्या मानेचा ससा ही निराळी प्रजाती असून, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तिला संरक्षण आहे. सहलीला गेल्यावर गवतात एकटे बसलेले पिल्लू ‘वाचविण्यासाठी’ घरी आणणे हा म्हणूनच दुहेरी अपराध ठरतो. त्याची आई दिवसभर मुद्दाम दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजण्यास परतते.

वयाचा प्रश्न

विकत घेताना सर्वप्रथम पाहावयाचे ते पिल्लाचे वय. सशाची पिल्ले जन्मतः उघडी व आंधळी असतात. डोळे १०व्या दिवसाच्या सुमारास उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती गवत कुरतडू लागतात. मात्र खाऊ लागली म्हणजे ती आईवेगळी करण्याजोगी झाली, असे नव्हे. आईच्या दुधात जंतूंना रोखणारे घटक असतात आणि पिल्लाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची वसाहत पुरती वसण्यास अवधी लागतो. म्हणून ८ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. मुठीत मावणारे पिल्लू अधिक गोंडस दिसते, परंतु तेच दगावण्याची भीती अधिक असते. अशा पिल्लाला गाईचे वा म्हशीचे दूध पाजण्याचा मोहही टाळावा, कारण सशिणीच्या दुधाची रचना त्याहून फार वेगळी असते.

२०१८ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. दुकानात हे नोंदणीपत्र मागण्यास ग्राहकाने संकोचू नये. पिल्लाचे डोळे व नाक कोरडे आहेत ना, शेपटीखालचा भाग स्वच्छ आहे ना, कानांच्या कडांवर व नाकाभोवती पांढुरकी खपली नाही ना, एवढे तेथेच पाहून घ्यावे. खपली असल्यास ती बहुधा खरूज असते. ती सूक्ष्म किडींमुळे होते आणि घरातील माणसांच्या त्वचेलाही काही काळ खाज आणू शकते.

गवत हेच मुख्य अन्न

गाजर खाणारा ससा ही चित्रांच्या पुस्तकांनी रुजविलेली प्रतिमा आहे. गाजरात साखर भरपूर असल्याने सशाच्या दृष्टीने ते मिठाईसमान होय. त्याचे खरे अन्न म्हणजे गवत. सशाचे २८ही दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत सतत चघळल्यानेच ते झिजतात. झीज थांबली की दातांना टोके येतात, ती जिभेला व गालाला टोचतात आणि ससा खाणे सोडतो.

दुसरे कारण पोटाचे. सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते. लांब धाग्यांचे गवत आतड्यांना हलते ठेवते. आतड्याच्या एका मोठ्या पिशवीत अन्न आंबते व तेथून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या बाहेर येतात. ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून अनेक घरांत किळस व्यक्त होते, पिल्लाला रागेही भरले जाते. वस्तुतः त्यांतूनच त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात आणि त्या खाण्यास त्याला अडविणे म्हणजे उपाशी ठेवणेच होय.

सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला लसूणघास द्यावा. नावात लसूण असला तरी लसणीशी त्याचा काही संबंध नाही. गुरांना घालतात ते हे द्विदल वैरणीचे पीक. त्यात प्रथिने व कॅल्शियम अधिक असल्याने वाढत्या वयाला ते मानवते, मोठ्या सशाला मात्र तेच कॅल्शियम जाचते. म्हणून पिल्लू मोठे होत जाईल तसतसे साध्या गवताचे प्रमाण वाढवावे. दुकानात मिळणारे टिमोथी गवत परवडत नसल्यास स्वच्छ जागेतील, कीटकनाशक न फवारलेली हरळी सावलीत वाळवून वापरता येते. गवत दिवसाचे चोवीस तास समोर असलेच पाहिजे. ओले, बुरशीचा वास येणारे गवत टाकून द्यावे. पावसाळ्यात तर रोज हुंगून पाहणे आवश्यक.

गोळी स्वरूपातील तयार खाद्य पूरक म्हणून योग्य आहे, परंतु त्यात रंगीत तुकडे, बिया वा मक्याचे दाणे मिसळलेले नसावेत. ससा चविष्ट तेवढे वेचून खातो आणि गवताकडे पाठ फिरवितो. पिल्लू आणताना ते आधी काय खात होते हे विचारून तेच खाद्य थोडे बरोबर घ्यावे व आठ-दहा दिवसांत हळूहळू नवे मिसळावे. आहारातील अचानक बदल हे पिल्लांच्या जुलाबाचे एक प्रमुख कारण आहे.

पालेभाज्या साधारण १२ आठवड्यांनंतर सुरू कराव्यात. एका वेळी एकच भाजी, तीही दोन-तीन पाने, आणि पुढील दोन दिवस लेंड्यांवर लक्ष. कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला यांनी आरंभ करणे सोयीचे. पालक अधूनमधूनच द्यावा. कोबीने काही सशांच्या पोटात वायू धरतो. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, अळू, चॉकलेट हे सर्वथा वर्ज्य. कण्हेर व रुई विषारी असल्याने गच्चीतील कुंड्यांकडेही नजर हवी. पोळी, भात, बिस्किटे ससा आवडीने खातो. आपल्याकडील प्रेमळ आजी-आजोबांना हे नाही म्हणून सांगणे हाच बहुधा पालनातील सर्वांत कठीण भाग असावा. पाणी मात्र भरपूर द्यावे. नळीच्या बाटलीपेक्षा जड, न कलंडणाऱ्या वाडग्यातून ससे अधिक पाणी पितात.

पिंजरा नव्हे, जागा

तारेच्या तळाचा लहान पिंजरा हा सशासाठी तुरुंगच. सशाच्या तळव्यांना कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, तेथे केवळ दाट केस असतात. तारेवर उभे राहून तळव्यांना जखमा होतात. ब्रिटनमधील ससे कल्याण संस्थेने दोन सशांसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच अशी सलग जागा सुचविली आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये एवढी जागा कोठून आणावी, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर जुळणीच्या जाळ्यांचे कुंपण घालून खोलीचा एक कोपरा देणे व सकाळ-संध्याकाळ घरात मोकळे सोडणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून सतरंजी अंथरावी. विजेच्या तारा, मोबाइलचे चार्जर दातांच्या कक्षेबाहेर ठेवावेत.

ससा पहाटे व सायंकाळी सर्वाधिक चपळ असतो आणि दुपारी झोपतो. नोकरदारांच्या दिनक्रमाशी हे आयतेच जुळते. तो एक-दोन कोपरे शौचासाठी निवडतो. त्याच कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रे व वर गवत घातलेला पसरट ट्रे ठेवला की बहुतेक ससे तो वापरू लागतात. मांजरांसाठीची गोळा होणारी माती वापरू नये, ती पोटात गेल्यास घट्ट बसते.

कंटाळलेला ससा जाळी कुरतडत राहतो किंवा स्वतःचे केस उपटतो. त्याला महागडी खेळणी लागत नाहीत. दोन दारे कापलेले पुठ्ठ्याचे खोके हे उत्तम घर. एकच दार असल्यास कोंडीत सापडल्याची भावना होते. कागदाच्या नळीत गवत कोंबून द्यावे, दाणे वाटीत न घालता गवतात विखरून ठेवावेत, पसरट टोपलीत कागदाचे तुकडे भरून उकरू द्यावे. तुतीच्या फांद्या पानांसह दिल्यास ससा त्या तासभर सोलत बसतो. रानात त्याचा बहुतेक जागता वेळ अन्न शोधण्यात जातो, तोच उद्योग घरात मिळावा एवढेच यात अभिप्रेत आहे. त्याहून मोठी गरज सोबतीची. ससा कळपातील प्राणी असून, जुळलेल्या जोडीतील ससे एकमेकांना चाटतात, टेकून झोपतात. गिनिपिग ही मात्र योग्य सोबत नव्हे.

उचलणे, उन्हाळा आणि उपचार

जादूगाराप्रमाणे कान धरून ससा उचलणे क्रूर आहे. त्याचा कणा हलका, तर मागचे पाय अत्यंत ताकदवान असतात. हवेत लटकलेल्या स्थितीत त्याने लाथ झाडली तर कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली व अंग आपल्या पोटाशी, अशीच पद्धत असावी. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याच्याशी खेळावे. उताणा केलेला ससा निश्चल होतो, तो समाधानाने नव्हे, तर भयाने. हवेत उसळी घेऊन अंगाला पीळ देणे ही त्याच्या आनंदाची खूण, मागचा पाय आपटणे हा धोक्याचा इशारा.

सशाला १५ ते २० अंश सेल्सियस तापमान मानवते. पारा २८च्या पुढे गेला की त्रास सुरू होतो, मग विदर्भातील मे महिन्याची कल्पनाच करावी. कानांतील रक्तवाहिन्यांतून तो उष्णता बाहेर टाकतो. शहाबादी फरशीचा तुकडा, फडक्यात गुंडाळलेली गोठविलेली पाण्याची बाटली, खिडकीला ओला पडदा यांनी बराच दिलासा मिळतो. धाप लागली, लाळ गळू लागली तर कान साध्या पाण्याने ओले करून तत्काळ पशुवैद्यक गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. एरवीही सशाला आंघोळ घालू नये. त्या धक्क्याने तो दगावू शकतो. दिवाळीत फटाक्यांच्या काळात त्याला आतल्या खोलीत ठेवावे.

रोज सकाळी लेंड्या पाहाव्यात, आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर वजन करावे. पिल्लाचे वजन वाढत राहिले पाहिजे. सशाने १२ तास काही खाल्ले नाही वा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची अवस्था समजावी. पातळ जुलाब झाल्यास एक दिवसही थांबू नये, कारण पिल्लांत आतड्यातील परजीवींमुळे होणारा कॉक्सिडिओसिस हा रोग झपाट्याने बळावतो. घरगुती औषधोपचार टाळावेत. माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात व ससाही दगावू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरील फिप्रोनिल हेही सशासाठी घातक. सशांचा अनुभव असलेला पशुवैद्यक आधीच शोधून ठेवावा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडेही चौकशी करता येते.

‘दोन्ही माद्याच आहेत’ असे सांगून विकलेल्या जोडीला काही महिन्यांत पिल्ले होणे हा प्रकार नवा नाही, कारण लहान वयात लिंग ओळखणे अवघड असते. गर्भकाळ अवघा ३० ते ३२ दिवसांचा आणि व्यायल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून १२ आठवड्यांच्या सुमारास पशुवैद्यकाकडून खात्री करून नर-मादी वेगळे ठेवावेत. निर्बीजीकरण साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात करता येते. नर त्यानंतरही काही आठवडे प्रजननक्षम राहतो, तेवढा काळ अंतर राखावे. मादीसाठी ही शस्त्रक्रिया विशेष महत्त्वाची, कारण वय वाढते तसा तिला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार मोठा असतो. नको झालेली पिल्ले टेकडीवर वा उद्यानात सोडून देण्याचा मार्ग काही जण पत्करतात. पांढऱ्या रंगाच्या, बीळ वा शत्रू न पाहिलेल्या या सशांना कुत्री, मांजरे आणि घारी फार दिवस जगू देत नाहीत.