मात्सुझाकाचे 10 कोटी डॉलर नेमके कोणाला मिळाले?

नोव्हेंबर 2006 मध्ये बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने डाइसुके मात्सुझाका या जपानी पिचरसाठी बोली लावली: 5,11,11,111 डॉलर आणि 11 सेंट. गंमत म्हणजे या बोलीने खेळाडू मिळाला नाही. मिळाला तो फक्त त्याच्याशी 30 दिवस वाटाघाटी करण्याचा हक्क. करार झाला तेव्हा सहा वर्षांचे आणखी 5 कोटी 20 लाख डॉलर ठरले. एकूण खर्च 10 कोटी 30 लाखांच्या पुढे.

आता 2023 कडे या. लॉस एंजेलिस डॉजर्सने योशिनोबु यामामोतोला 12 वर्षांसाठी 32 कोटी 50 लाख डॉलर दिले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की "परदेशी खेळाडू महाग होत गेले" हे वाक्य आपोआप सुचतं. सिनॉप्सिसमध्ये ते छानही दिसेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारायला हवं की यातला कोणता पैसा कोणाच्या खिशात गेला?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. 1964 मध्ये नानकाई हॉक्स या जपानी संघाने मासानोरी मुराकामी या तरुण पिचरला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे शिकायला पाठवलं. तो इतका चांगला निघाला की त्याच वर्षी मेजर लीगमध्ये खेळला. मग वाद पेटला. करारातल्या कलमानुसार 10,000 डॉलर देऊन तो आमचा झाला, असं जायंट्सचं म्हणणं. आम्ही त्याला फक्त उसना दिला होता, असं नानकाईचं. तडजोड म्हणून तो 1965 चा हंगाम अमेरिकेत खेळला आणि जपानला परतला. 1967 मध्ये दोन्ही देशांच्या लीगनी एकमेकांच्या खेळाडूंना हात न लावण्याचा करार केला. पुढची जवळजवळ तीस वर्षं एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही. या काळात जपानी खेळाडूची अमेरिकेतली किंमत काय होती? शून्य नव्हती, पण नोंदवलीच गेली नाही. बाजारच नव्हता.

बाजार उघडला तो एका पळवाटेतून. जपानी नियमानुसार स्वेच्छेने निवृत्त झालेला खेळाडू परत आला तर जुन्याच संघाकडे यायचा. पण हे बंधन जपानपुरतंच होतं. हिदेओ नोमोने आणि त्याच्या एजंटने हे हेरलं. 1995 मध्ये नोमो 'निवृत्त' झाला आणि डॉजर्सकडून खेळू लागला. त्याला करारावेळी 20 लाख डॉलर मिळाले. त्याच्या किन्तेत्सू बफेलोज संघाला काहीच नाही.

जपानी संघ हादरले. पुढे 1997 मध्ये चिबा लोत्ते संघाने हिदेकी इराबूचे हक्क परस्पर सॅन दिएगोला देऊन टाकले, तर तो म्हणाला, मी फक्त यांकीजकडूनच खेळणार. इतर अमेरिकन संघही चिडले, कारण त्यांना संधीच मिळाली नव्हती. या भांडणांतून 1998 च्या शेवटी 'पोस्टिंग' पद्धत जन्माला आली. ही आपल्या बंद पाकिटातल्या निविदेसारखी होती. सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्या एकाच संघाला वाटाघाटींचा हक्क मिळे, आणि करार झाला तर बोलीची रक्कम जपानी संघाला जाई. आयपीएल लिलावातली रक्कम खेळाडूचा पगार असते. इथे बोलीतला एक डॉलरही खेळाडूचा नव्हता.

परिणाम बघा. मात्सुझाकाच्या एकूण खर्चातला जवळजवळ अर्धा वाटा सेइबू लायन्सला गेला. त्याच वर्षी यांकीजनी केई इगावासाठी हान्शिन टायगर्सला 2 कोटी 60 लाख डॉलर दिले. खुद्द इगावाला पाच वर्षांचे 2 कोटी. खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जायची सोयच नव्हती, मग तो घासाघीस कशाच्या जोरावर करणार? 2010 मध्ये हिसाशी इवाकुमाचं ओकलंडशी जमलं नाही, तेव्हा त्याला मुकाट्याने जपानला परतावं लागलं. अमेरिकन संघांनाही मोठी बोली परवडत होती. पगारांची बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली तर मेजर लीगमध्ये लक्झरी टॅक्स भरावा लागतो, पण बोलीची रक्कम पगारात धरली जात नव्हती.

2013 च्या अखेरीस नियम बदलला. जपानी संघाची रक्कम 2 कोटी डॉलरवर गोठवली आणि ती द्यायला तयार असलेल्या कोणत्याही संघाशी खेळाडूला बोलता येऊ लागलं. लगेच मासाहिरो तानाकाला यांकीजकडून सात वर्षांचे 15 कोटी 50 लाख डॉलर मिळाले. पुढे वरची मर्यादा गेली आणि कराराच्या प्रमाणात टक्केवारी आली. त्या हिशेबाने यामामोतोच्या वेळी ओरिक्सच्या वाट्याला सुमारे 5 कोटी 6 लाख आले, म्हणजे एकूण खर्चाच्या 14 टक्क्यांहूनही कमी.

मग खेळाडू जिंकला, असं समजायचं का? तेही नाही. 25 वर्षांखालच्या परदेशी खेळाडूंच्या बोनसवर मेजर लीगने वेगळी मर्यादा घातली आहे. शोहेइ ओहतानी 23 व्या वर्षी एंजल्सकडे गेला, तेव्हा त्याला बोनस मिळाला 23 लाख 15 हजार डॉलर. त्याच्या जुन्या संघाला मात्र 2 कोटी, म्हणजे आठ पटींहून अधिक! 2025 मध्ये रोकी सासाकीही 65 लाखांच्या बोनसवर डॉजर्सकडे गेला. तोही 23 वर्षांचा होता. वय दोन वर्षांनी जास्त असतं तर ही मर्यादा दोघांनाही लागू झाली नसती.

थोडक्यात, ओहतानी 'स्वस्त' आणि मात्सुझाका 'महाग' होता असं लिहिलं, तर आपण दोघांच्या खेळाबद्दल काहीच सांगत नसतो. आपण त्या त्या वर्षीच्या नियमाबद्दल बोलत असतो, आणि तेही नकळत. ऐतिहासिक किंमत ही थर्मामीटरवरची नोंद नसते. ती कोणीतरी कोणाशी तरी भांडून केलेल्या तहाची नोंद असते. जो त्या टेबलावर नव्हता, त्याचा वाटा कमी निघतो.

तुमचा विषय खेळाचा नसला तरी हे लागू आहे. कापसाचे भाव असोत, गिरणीतली मजुरी असो किंवा जमिनीचा सारा, आलेख काढण्याआधी नियम कधी कधी बदलले त्याची कालरेषा तयार करा. आणि आकड्यांच्या तक्त्यात 'रक्कम' या रकान्याशेजारी 'कोणाला मिळाली' असा एक रकाना नक्की ठेवा. बऱ्याचदा तो भरताना लक्षात येतं की आपला खरा संशोधनप्रश्न तिथेच दडलेला आहे.