मुळांसारखा पाया : नेपल्स ते कबनूर

१/ १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे मागांचा खडखडाट शेजारच्या कबनूरपर्यंत पोहोचला आणि वस्ती दाटली.

२/ पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खालचा मुरूम व काळा पाषाण सर्वत्र सारख्या खोलीवर लागत नाही. घराचा एक कोपरा खडकावर, दुसरा मातीवर टेकला, की भिंत तिरकी तडकते. अरुंद बोळात खोल पाया खणावा, तर शेजारचे घर धोक्यात!

३/ महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या इटलीपुढेही असाच पेच होता. १९५२ मध्ये नेपल्सच्या फर्नांदो लिझ्झी यांनी तोड काढली : सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे छिद्र, आत पोलादी सळई, भोवती सिमेंटचे मिश्रण. नाव ठेवले ‘पाली रादिचे’, म्हणजे मुळांचे खांब. हाच आजच्या मायक्रोपाइलचा पूर्वज.

४/ हा खांब भार पेलतो तो मुख्यतः अंगाच्या घर्षणावर. फुगणाऱ्या थराचा आधार हिशेबात धरायचा नसतो. उलट तीच माती खांबाला वर उचलू पाहते. म्हणून सळई तळापर्यंत हवी आणि खांब मुरमाखालच्या पाषाणात रुतायला हवा.

५/ एका छिद्रावरून साऱ्या जागेचा निकाल लावता येत नाही. जमीन बदलती, तशी खांबांची लांबीही बदलती.