अर्जावर माझीही सही आहे

घरातलं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, तिसऱ्या दिवशी उठावना होतो, गेलेल्याच्या चार आठवणी निघतात आणि मन हलकं होतं. आमच्या अंगणातला कडुलिंब गेला तेव्हा कोणीच आलं नाही. उलट शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बरं झालं हो, गाडी ठेवायला जागा झाली." मी हसले. त्या दुपारी मी जेवले नाही, हे घरात कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आजेसासऱ्यांनी तो १९४७ साली लावला, असं सासूबाई सांगत. मी लग्न होऊन पलासियात आले तेव्हा त्याची सावली गच्चीपर्यंत पोचली होती. मुलांना गोवर आला की त्याचा पाला उशाशी ठेवायचा, गव्हाच्या कोठीत वाळला पाला घालायचा, पाडव्याला कोवळी पानं काढायची. जेठात पोपट लिंबोळ्या खाऊन अंगणभर बिया टाकत आणि मी रोज कुरकुरत झाडत असे. आता अंगण स्वच्छ असतं.

मैत्रिणींनो, आपण राहतो त्या जागेचं नाव कधी नीट ऐकलंय का? इथे पलाशाची, म्हणजे पळसाची झाडं होती म्हणून पलासिया, असं जुनी माणसं सांगतात. आज ओल्ड पलासिया आहे, न्यू पलासिया आहे, पण फागणात केशरी फुललेला पळस बघायचा तर शहराबाहेर जावं लागतं. तिकडे नवलखा. नऊ लाख झाडांची बाग म्हणून ते नाव पडलं, असं म्हणतात. आता तिथे चौराहा आहे आणि गाड्यांची गर्दी आहे. झाडं गेली, नावं तेवढी राहिली. त्यांची एवढीच काय ती आठवण आपण ठेवली.

पूर्वी रस्ता आणि झाड ही वेगळी कामं नव्हती. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात कोरून ठेवलंय, की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून मी रस्त्यांच्या कडेला वड लावले. आपल्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य केलं. घाट, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर वाटसरूंसाठी रस्त्याकडेची झाडंही त्यांच्या पुण्याईत मोजली जातात. वाट बांधणाऱ्याने सावलीही द्यायची, ही रीत होती.

आपल्या ए.बी. रोडचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. आग्रा-मुंबईचा हा जुना रस्ता पलासियातूनच जातो. बीआरटीएससाठी तो रुंद झाला आणि कडेची मोठमोठी झाडं गेली. १० मे २०१३ ला साडेअकरा किलोमीटरच्या त्या मार्गिकेवर बस सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती मार्गिका काढायला सांगितलं आणि कठडे उखडायला सुरुवात झाली. बारा वर्षं पुरती झाली नव्हती. बस वाईट होती असं मी म्हणत नाही, माझी लेक त्याच बसने कॉलेजला गेली. पण कठडे काढता येतात, पुन्हा लावता येतात. तोडलेलं झाड परत जागेवर ठेवता येत नाही, आणि तेवढं मोठं व्हायला आपलं अख्खं आयुष्य जातं.

जोधपूरजवळच्या खेजडलीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १७३० मध्ये राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली तेव्हा अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह ३६३ जणांनी प्राण दिले. ती आपल्यासारखीच घरसंसार करणारी बाई होती.

आणि मी? शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते, मध्य प्रदेशात २००१ चा तसा कायदाच आहे. घर आम्हा दोघांच्या नावावर, म्हणून अर्जावर माझीही सही लागली. यांनी कागद पुढे केला, मी ओट्यावरचं पीठ पुसून सही केली. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारा हा हात! वनस्पतिकायात जीव आहे, हे पाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकलेली मी, एक वाक्य बोलले नाही. "गाडी बाहेर राहील, झाड राहू द्या," एवढंच तर म्हणायचं होतं. हे ऐकणारे आहेत. कदाचित ऐकलंही असतं.

प्रतिक्रमणात आपण ८४ लाख जीवयोनींची क्षमा मागतो. त्यात १० लाख प्रत्येक वनस्पतिकाय आणि १४ लाख साधारण वनस्पतिकाय, म्हणजे २४ लाख योनी झाडापाल्याच्याच. इतकी वर्षं मी ते आकडे घडाघडा म्हणत आले. आता तिथे आलं की जीभ अडखळते, कारण त्यातल्या एकाला मी चेहऱ्याने ओळखत होते.

आपल्याकडे वंशावळ असते, पण दारातलं झाड कोणी लावलं याची नोंद नसते. म्हणून हे लिहिलं. तुमच्या दारात जुनं झाड असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच त्याचं साल विचारून ठेवा, आणि उद्या कोणी कागद पुढे केला तर सही करण्याआधी तोंड उघडा. मी फाटकाबाहेर एक कडुलिंब लावलाय. यंदा तो माझ्या कमरेएवढा झाला. त्याचं साल डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, आणि त्याच्यावर जुन्याचं, १९४७.